घराच्या मूल्यांकनात चूक झाली तर जबाबदार कोण?

प्रश्न : ठाण्यातील एका सोसायटीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट ७२ लाख रुपयांना घेण्याचे ठरवून आम्ही मालकांना ५ लाख रुपये बयाणा दिला. साधारण ५७ लाखांचे कर्ज मिळेल, असा हिशेब होता. मात्र बँकेच्या पॅनेलवरील मूल्यांककाने फ्लॅटची किंमत ६० लाखच धरल्यामुळे ४८ लाख मंजूर झाले. २००९ च्या मूळ करारनाम्यात चटई क्षेत्र ५२० चौरस फूट असताना अहवालात ४३५ लिहिले आहे, आणि भोगवटा प्रमाणपत्र २००९ चे असताना इमारत १९९९ ची दाखवली आहे. फी आमच्याकडूनच घेतली. आता बँक मूल्यांककाकडे बोट दाखवते आणि मूल्यांकक बँकेकडे. जबाबदारी नक्की कोणाची? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण दाखवलेल्या दोन त्रुटी एका जातीच्या नाहीत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. इमारतीचे वर्ष ही निखळ वस्तुस्थिती आहे. भोगवटा प्रमाणपत्र पाहून ते लिहिणे हे मूल्यांककाचे प्राथमिक काम होते, त्यामुळे ही चूक त्यांचीच आहे. ती किरकोळही नाही. इमारतीच्या वयावर घसारा ठरतो, आणि उरलेले आयुर्मान पाहून बँका कर्जाची मुदतही ठरवतात. दहा वर्षे वाढवून लिहिली गेली, तर कर्जाची रक्कम आणि मुदत अशा दोन्ही बाजूंनी आपले नुकसान होऊ शकते.

क्षेत्रफळाबाबत मात्र घाईने चूक म्हणू नये. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीच्या, कायद्यानुसार करारनाम्यात चटई क्षेत्र बाल्कनीसह लिहिले जात असे आणि बाल्कनीचे क्षेत्र वेगळे दाखवणे अपेक्षित होते. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी चटई क्षेत्रात धरली जात नाही. ही व्याख्या महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून सर्रास वापरात आली. त्यामुळे आपल्या ५२० आणि ४३५ मधला ८५ चौरस फुटांचा फरक बाल्कनीचा असू शकतो. तसे असेल, तर क्षेत्र नव्हे, हिशेबाची जोडणी तपासावी लागेल : बाल्कनी वगळून काढलेल्या क्षेत्राला बाल्कनीसह क्षेत्राचा दर लावला असेल, तर किंमत विनाकारण खाली येते आणि ती त्रुटी दुरुस्त व्हायला हवी. बाल्कनी परवानगीशिवाय बंद करून खोलीत घेतलेली असेल, तर ती खोली म्हणून न धरणे योग्यच ठरते. मंजूर नकाशा समोर ठेवून हे आधी पडताळून पाहावे.

आता जबाबदारीविषयी. फी आपण भरली, तरी मूल्यांककाची नेमणूक बँकेने केलेली असते आणि अहवालही बँकेसाठीच असतो. परंतु म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत. मालमत्तेच्या मूल्यांकनासाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण असावे आणि मूल्यांककांचे पॅनेल नेमावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ज्यांना बँकेने निवडले, त्यांच्या कामातील ढोबळ चूक पुराव्यानिशी दाखवून दिल्यावर ती तपासून घेणे हे बँकेचेच कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल्यांकक बँकेला उत्तरदायी आणि बँक आपल्याला, अशी ही साखळी आहे. मात्र ३० लाखांवरील आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देता येत नाही. तेव्हा अहवालातला आकडा ६० लाख असेतोवर शाखाधिकाऱ्यांना मनात असूनही ४८ लाखांपुढे जाता येणार नाही. तसेच सर्व नोंदी अचूक असूनही मूल्यांककाचे प्रामाणिक मत ६५ लाख असेल, तर त्याला चूक म्हणता येणार नाही. कदाचित आपणच जास्त भाव मान्य केला असेल.

मूल्यांककाला फोन करण्यात अर्थ नाही, कारण कर्जदाराच्या फोनवर अहवाल बदलू लागला तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि त्यासोबत भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि त्याच सोसायटीत अलीकडे विकल्या गेलेल्या दोन-तीन फ्लॅटचे इंडेक्स टू (नोंदणीकृत व्यवहाराचा सरकारी गोषवारा) जोडावेत. अहवाल दुरुस्त करावा, अथवा पॅनेलवरील दुसऱ्या मूल्यांककाकडून नवा घ्यावा, अशी मागणी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तेथे ‘कर्ज वाढवून द्या’ असे लिहू नये. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाहीत. चुकीची नोंद दाखवूनही बँकेने ती दुरुस्त केली नाही, ही सेवेतील त्रुटी आहे, असे मांडावे.

मला खरी काळजी आपल्या बयाण्याची वाटते. पुरेसे कर्ज न मिळाल्यास तो परत मिळेल, असे कलम बयाणा पावतीत नसेल, तर आजच मालकांशी बोलून मुदतवाढ लेखी घ्यावी. एजंट घाई करतात म्हणून या कलमाशिवाय लाखो रुपये देण्याची पद्धत सर्वत्र रुळली आहे आणि त्यात दरवेळी खरेदीदारच भरडला जातो.

प्रश्न : गेल्या वर्षी कर्ज काढून रो-हाऊस घेतले. बँकेच्या मूल्यांकनात काहीच आक्षेप नव्हता. आता वरची खोली अनधिकृत असल्याची महापालिकेची नोटीस आली आहे. मूल्यांककावर दावा करता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी विक्रेत्याकडे पाहावे. खरेदीदाराला साध्या तपासणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मात्र मंजूर नकाशा मागवून ही गोष्ट कळू शकत होती, असा बचाव विक्रेता घेईल. खोलीबद्दल त्याने काय सांगितले किंवा लिहून दिले होते, ते शोधून ठेवावे.

मूल्यांककाविषयी इंग्लंडमधील १९८९ चा एक निकाल उपयोगी आहे. नॉरिच येथील घराच्या भिंतीतील धुराड्याचा खालचा भाग काढलेला दिसत असूनही, वरच्या भागाला आधार आहे की नाही हे तपासनिसाने, म्हणजे तेथील मूल्यांककाने, पाहिले नाही. पुढे तो भाग छत फोडून खाली आला. अहवाल कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी असला, तरी साधे घर घेणारा सामान्य माणूस त्यावरच विसंबून राहतो, म्हणून तपासनीस खरेदीदारालाही जबाबदार आहे, असे हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ठरवले. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, परंतु त्यातील तर्क मांडता येतो. त्यासाठी खरेदीपूर्वी तो अहवाल आपण पाहिला होता आणि त्यावर विसंबून व्यवहार केला, हे सिद्ध करावे लागेल. ग्राहक आयोगात जायचे तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. नोटिशीला महापालिकेने दिलेली मुदत त्याहून फार कमी असेल, म्हणून तिचे उत्तर वास्तुविशारद आणि वकील यांच्या सल्ल्याने आधी द्यावे आणि खोली नियमित करता येते का, याची चौकशी त्याच वेळी करावी.