पॅलेटवर शिक्का होता, तरी कंटेनर अडला: भरपाई कुणाकडून?

प्रश्न थोडक्यात: शिरोली एमआयडीसीतून कास्टिंगचा (ओतीव धातूच्या भागांचा) कंटेनर न्हावाशेवामार्गे अमेरिकेला गेला. पॅलेटवर (मालाखालच्या लाकडी चौकटीवर) एचटी, म्हणजे लाकूड तापवून कीड मारल्याचा, शिक्का असूनही तिथल्या कस्टम्सने लाकूड नियमबाह्य ठरवून परत पाठवायला लावले. ग्राहकाची ६ लाख ४० हजारांची डेबिट नोट (वसुलीची मागणी) आली. वाचकाने पॅलेटवाल्याचे बिल रोखले, तर तो एमएसएमई परिषदेत (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) निघाला आहे. त्याच्यावर दावा करावा का?

उत्तर: आधी ग्राहकाकडून अमेरिकी कस्टम्सची मूळ नोटीस मागवा. डेबिट नोटमध्ये फक्त ‘नियमबाह्य लाकूड’ लिहिले आहे. ते लाकूड नेमके कोणते, हे कळल्याशिवाय दावा कुणावर करायचा हेच ठरत नाही.

तुम्ही जोडलेल्या स्टफिंगच्या (कंटेनर भरतानाच्या) फोटोंत पॅलेटांच्या मधे आणि दाराशी लाकडी ठोकळे ठोकलेले दिसतात. त्यांतल्या एकावरही शिक्का दिसत नाही. आयएसपीएम १५ हे लाकडी पॅकिंगचे आंतरराष्ट्रीय मानक पॅलेट-खोक्यांइतकेच या आधाराच्या लाकडालाही लागू आहे. सूट आहे ती प्लायवुडसारख्या प्रक्रिया केलेल्या फळ्यांना आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला. चार ठोकळे बिनशिक्क्याचे निघाले, तरी कंटेनर अडतो. अमेरिकेत पोहोचल्यावर फ्युमिगेशन (विषारी धुरी) करून ही चूक सुधारता येत नाही.

नोटिशीत ठोकळ्यांचा उल्लेख असेल, तर पॅलेटवाल्याचा काही दोष नाही. लॅशिंगची (माल बांधून पक्का करणारी) माणसे सीएचएने (कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटने) आणली असतील, तर करार कायद्याच्या कलम १९२ नुसार उपएजंटच्या कामाची जबाबदारी तुमच्यापुढे त्याचीच. मात्र त्याच्या बिलामागच्या अटी वाचा. भरपाईची मर्यादा बहुधा तिथेच छापलेली असते. ठोकळे तुमच्याच कामगारांनी मारले असतील, तर हा खर्च तुमचा, हे स्पष्ट सांगतो.

पॅलेटच दोषी असेल, तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे जुन्या पॅलेटच्या फळ्या बदललेल्या असणे. साधारण एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती. पण बदललेला प्रत्येक तुकडा प्रक्रिया केलेलाच लागतो. त्याहून जास्त बदलल्यास जुने शिक्के पुसून पूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करावी लागते. दुसरी म्हणजे शिक्का असूनही आत जिवंत अळी सापडणे. अशा वेळी त्या तारखेचा भट्टीचा तापमान-आलेख मागा. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटे टिकल्याचे त्यात दिसले पाहिजे. सेन्सर गाभ्यात न बसवता फक्त भट्टीची हवा मोजली असेल, तर नुसत्या त्या आलेखावर विसंबू नका. आलेख नसेल, तर मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ खाली तुमची बाजू भक्कम आहे. मात्र निर्यातीसाठी पॅलेट हवेत, हे ऑर्डरमध्ये लिहिलेले असावे. प्रक्रिया केंद्राची तक्रार फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडेही करा.

आता रोखलेल्या बिलाचे. इथे तुमचे पाऊल चुकले आहे. पॅलेटवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ या सरकारी नोंदणीत असेल, तर माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायला हवी होती. तुमची हरकत दोन महिन्यांनी आणि तीही फोनवर. त्यामुळे माल स्वीकारला असेच धरले जाईल. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज चढते. परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला, तर त्याला आव्हान द्यायलाही ७५ टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून ‘हक्क राखून’ असे पत्र देऊन बिल चुकते करा. दोष खरोखर त्याचाच निघाला, तर परिषदेपुढे प्रतिदावा करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते मान्य केले आहे.

ग्राहकाला मात्र टाळता येणार नाही. विक्रीची अट एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा) असो वा सीआयएफ (जहाजभाडे आणि विमाही त्याचाच), पॅकिंग विक्रेत्याच्या अंगावर. तरीही डेबिट नोट जशीच्या तशी मान्य करू नका. परतपाठवणी, गोदाम, दंड यांची वेगवेगळी बिले मागा. विम्यावर विसंबू नका. सागरी विम्याच्या सर्वांत व्यापक ‘ए’ अटींतही अपुरे पॅकिंग आणि विलंब वगळलेले असतात.

दाव्याची मुदत ३ वर्षे. रक्कम ३ लाखांवर असल्याने प्रकरण व्यावसायिक न्यायालयात जाईल. तातडीचा आदेश नको असेल, तर आधी व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खाली मध्यस्थी सक्तीची आहे. स्टफिंगचे फोटो मूळ मोबाइलमध्येच ठेवा. न्यायालयात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतील.