आईबापाला नुसतं बाकड्यावर बसवू नका
ताई, नवीन जॉईन झाल्या ना काउन्सेलर म्हणून, म्हणून सांगतो. पोराला आत घ्यायचं, मायबापाला बाहेर बाकड्यावर बसवायचं आणि शेवटी हातात चिठ्ठी, असं करू नका. आधी सगळे एकत्र, मग पोरगं एकटं, मग परत सगळे. आणि एकत्र असतानाच मायबापाला क्लिअर सांगा की पोरगं बोललेलं सगळं तुम्हाला कळणार नाही, पण जिवाला धोका वाटला तर लपवणार पण नाही. लैंगिक अत्याचाराचं निघालं तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवावंच लागतं, हे पण तेव्हाच.

बापाला बोलवाच. आपल्याकडे आईच येते, बाप म्हणतो कापूस वेचणी चालू आहे, रोज बुडतो, मग बाजाराच्या दिवसाची वेळ द्या, तो तसाही तालुक्याला येतोच. रावेर-यावलकडचे केळीवाले कटाई लागली की फोन पण उचलत नाहीत, चिडू नका. अहिराणी येत असेल तर तीच बोला. भगताकडे नेलं होतं का विचारा, पण तोंड वाकडं करू नका, परत येणारच नाहीत (माझं तर मत आहे की नेणारा बाप निदान काळजी तरी करतो).

अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे १८ च्या आतल्या पोरासोबत पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्णवेळ लागतं, मुलगी असेल आणि पालक बाप असेल तर बाईमाणूस. हे आधीच बोला, कारण घरी ढोरं कोण बघेल हाच पहिला प्रश्न येतो. आणि टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ त्यांच्या मोबाईलमध्ये स्वतः सेव्ह करून द्या, फुकट आहे, चोवीस तास चालतो.