हिमालयनचं पुढचं चाक घरी कसं काढू?

प्रश्न: माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाईक आहे, वजन जवळपास २०० किलो, पार्किंगमध्येच टायर बदलायचेत पण गाडी उचलू कशी?

उत्तर: मागचं सोपंय, मेन स्टँडवर घेतली की चाक हवेत. पण ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, नाहीतर स्टँडवर जोर लावलात की गाडी पुढे सरकून आडवीच. पुढच्यासाठी मेन स्टँडवरच बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) काढून, फ्रेमच्या पाइपांखाली आडवी लाकडी फळी आणि तिच्याखाली कारचा जॅक, चाक सुटेल इतकंच हळूहळू उचला, मागचं चाक खाली टेकेल, टेकू दे. चाक निघाल्यावर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात (मी दाबलाय, अख्खा रविवार गेला). आणि दोन्ही चाकं एकाच वेळी काढू नका हो!