उत्तर: पेपरात बडोद्याच्या इतिहासावर दर आठवड्याला कॉलम लिहायचा का?

प्रश्न वाचला. गुजराती पेपरच्या रविवारच्या पुरवणीत बडोद्याच्या इतिहासावर साडेसहाशे शब्दांचं सदर विचारलंय, तू शाळेत शिकवतोस, आणि शंका तीन: विषय सहा महिन्यांत संपतील का, पैसे किती, नोकरी सोडू का. मला काका लिहिलंयस म्हणून सरळ अरेतुरे करतो. असाच कॉलम मी अकरा वर्षं चालवला, आता बंद केलाय, डोळे साथ देत नाहीत.

पैशाचं आधी उरकतो. सुरुवातीला लेखाला तीनशे मिळायचे, शेवटी आठशे, तेही चार-चार महिने तुंबून. दिवाळीत फर्निचरवाल्याची मोठी जाहिरात आली की कॉलम खालून कापायचे, नेमका मुद्दा शेवटच्या परिच्छेदात असायचा, म्हणून मग मुद्दा वरच लिहायची सवय लावून घेतली. नोकरी अजिबात सोडू नकोस. 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार सरदेसाई १८८९ ते १९२५ इथे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नोकरीतच होते, राजपुत्रांना शिकवायचे आणि ते सगळं सांभाळून केवढं लिहून ठेवलं माणसाने, मग आपण कोण लागून गेलो.

आता विषय. पहिले सहा आठवडे मजेत जातात. १८७५ चं दत्तकविधान, बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, म्हणाला म्हणतात ना, "मी राज्य करायला आलोय", मग १९११ चा दिल्ली दरबार आणि सयाजीरावांनी इंग्रज बादशहाला पाठ दाखवली ते प्रकरण, मग लक्ष्मीविलास राजवाडा. हे सगळं रिक्षावाल्यालाही पाठ आहे. सातव्या आठवड्याला मी गुरुवारी रात्री कोरा कागद घेऊन बसलो आणि बायको म्हणाली, झाला का तुमचा इतिहास संपून?

तेव्हा दांडिया बाजारातल्या एका घरातून मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, आला, वाडा पाडायचा होता म्हणून माळ्यावरचं सगळं बाहेर निघालं होतं. मोडी मी उशिरा शिकलो, घाईत 'ब' आणि 'व' मध्ये अजूनही फसतो. त्यात एक पत्र होतं, विहिरीच्या पाण्यावरून दोन घरांची तक्रार, एवढंच, पण मला फार आवडलं. त्यावर वर्ष होतं, "सन इसन्ने सबैन मया व अलफ". दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. मी ते हिजरी धरलं, जंत्रीत बघितलं, १७५८ आलं, आणि रविवारी छापून मोकळा.

सोमवारी सकाळी फोन. बडोद्याच्या वाडी भागातले एक आजोबा, आवाज अगदी शांत. "अहो, पत्रात 'कैलासवासी दमाजीराव' लिहिलंय असं तुम्हीच छापलंय. दमाजीराव गायकवाड पानिपतावरून जिवंत परत आले, १७६८ ला गेले, मग तुमच्या १७५८ च्या पत्रात आधीच कैलासवासी कसे?" मी खुर्चीतच बसून राहिलो. तो सन हिजरी नव्हता, शुहूर होता. नावं तशीच अरबी, पण हे वर्ष सूर्याच्या हिशेबाने चालतं आणि मृगाला सुरू होतं, हिजरी चांद्र असल्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस पुढे पळतं, असं करत करत दोघांत तेरा वर्षांचं अंतर पडलेलं. शुहूरमध्ये ५९९ किंवा ६०० मिळवायचे, महिना बघून. म्हणजे पत्र १७७१-७२ चं. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही रे, एका वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं होतं, पण डेडलाइन होती. चूक कबूल केली ती राशिभविष्याच्या खाली चार ओळींत छापून आली. ते आजोबा पुढे पाच वर्षं माझा लेख छापायच्या आधी ऐकायचे, फोनवर, दर गुरुवारी, आणि मधेच थांबवून विचारायचे, "हे कुठे वाचलंत?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती ओळ काढायची, कितीही सुंदर असली तरी.

त्या विहिरीच्या लेखानंतर लोक घरातलं आणून द्यायला लागले आणि विषयांची चिंता मिटली. भाड्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले. गुजराती घरांतूनही कागद यायचे, वहिवाटदार, सुभा हे संस्थानी अधिकाऱ्यांचे शब्द त्यांच्याही आजोबांच्या बोलण्यात होते, त्यामुळे भाषांतराचा त्रास वाटतो तेवढा होत नाही.

एका बाबतीत मात्र तयारी ठेव. मी एकदा बाबासाहेबांवर लिहिलं, १९१७ सालचं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून ते करारानुसार इथे नोकरीला आले आणि आपल्या या संस्कारी नगरीत त्यांना राहायला खोली कोणी दिली नाही, पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं, कळल्यावर लाठ्या घेऊन लोक आले. कामाठी बाग या सार्वजनिक बागेत जाऊन बसले ते त्यानंतर. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तरी मला फोन आले, बडोद्याची बदनामी करता, महाराजांनी एवढं केलं ते नाही दिसत? ओळखीचेच लोक होते, एकाने तर लग्नात बोलणं टाळलं. महाराजांनी केलं ते खरंच आहे, पण खोली महाराज देणार नव्हते, आपले आजे-पणजे देणार होते. लेखात एवढं स्पष्ट लिहायचं धाडस तेव्हा झालं नाही, ते राहून गेलं.

तुझ्या पहिल्या लेखासाठी माझं ऐकशील तर राजवाडा सोड. तू शिक्षक आहेस ना, सक्तीच्या शिक्षणावर लिही. १८९३ ला अमरेलीत सुरुवात झाली, १९०६ ला सगळ्या संस्थानात कायदा आला, आणि मुलाला शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला दंड. हे सगळे एका वाक्यात सांगतात आणि पुढे जातात. पण पोरगं शेतावर लागायचं, दंड भरायचा की पोर द्यायचं हा हिशेब त्या घरात रात्री कसा झाला असेल? तुझ्या वर्गातल्या पोरांना विचारायला सांग, कोणाच्या ना कोणाच्या पणजोबांची गोष्ट निघेलच, आणि निघाली की लगेच खरी धरू नकोस, पावती मिळते का बघ.

लिहून झालं की मला गुरुवारपर्यंत वाचून दाखव. शुक्रवारी दुपारी पान लागतं, त्यानंतर कोणी ऐकत नाही.