कोकणात पावसाळ्यात मोबाइल न देता मुलांना घरात कोणत्या हस्तकलेत गुंतवावं?

मुलं ६ आणि ९ वर्षांची, घर रत्नागिरीत, बाहेर जुलैचा पाऊस. तर आधी फेविकॉल कपाटात ठेवा. त्यातलं पाणी उडून गेलं की तो धरतो, आणि या दमट हवेत ते लवकर उडत नाही. कागद सुरकुततो, मुलं कंटाळून उठतात. या दिवसांत दुमडायच्या, विणायच्या, बांधायच्या वस्तूच बऱ्या. शिवाय वस्तू फिरणारी, वाजणारी किंवा चालवता येणारी असावी. शोभेची वस्तू एकदा झाली की मुलं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे माडाच्या पातीचं भिरभिरं. पडलेल्या झावळीतली हिरवी पण जून पात घ्या. कोवळी पिवळसर पात वाळून आकसते आणि वीण सैल पडते. पार सुकलेली दुमडताना चिरते. ताजी कापली असेल तर दिवसभर सावलीत कोमेजू द्या. मधला हीर, म्हणजे पातीची ताठ काडी, सुरीने मोठ्यांनी काढावा, तो टाकू नका. पातीच्या २ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब अशा ४ पट्ट्या करा आणि प्रत्येक मधोमध दुमडा. दुसरीच्या घडीत पहिली आडवी धरा, तिसरीच्या घडीत दुसरीची टोकं, चौथीच्या घडीत तिसरीची. चौथीची टोकं पहिलीच्या घडीतून बाहेर काढा. मग चारही बाजूंची टोकं थोडी थोडी, आळीपाळीने ओढा. एकच बाजू जोरात ओढली की चौकोन तिरका होतो; बहुतेकांचं इथेच बिघडतं. टोकं ७ सेंटिमीटरवर कापा आणि सगळी एकाच दिशेला किंचित पिळा. सपाट ठेवली तर वारा असूनही भिरभिरं फिरणार नाही. मध्ये हीर खुपसा, भोक थोडं सैल करा आणि चाक निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंना पातीची चिंधी बांधा. ६ वर्षांच्या मुलाला चौथी पट्टी अडवते, तेवढी तुम्ही ओवून द्या.

उरलेल्या पातीची पिपाणी होते. अर्धा मीटर लांब पट्टी एका टोकाशी घट्ट, पुढे अर्धी अर्धी चढवत कोनासारखी गुंडाळा आणि शेवट हिराने टोचा. बारीक टोक बोटांनी चपटं करून दोन पापुद्रे जेमतेम अलग ठेवा. आवाज त्या पापुद्र्यांच्या थरथरण्यातून येतो, त्यामुळे टोक गोल राहिलं तर नुसतीच फू येते. घरच्यांच्या कानांचं काय होईल ते सांगत नाही.

मोठ्या मुलाला करवंटीच्या खडावा द्या. दोन नारळांच्या डोळ्यांच्या बाजूच्या करवंट्या घ्या. तीनपैकी एक डोळा मऊ असतो, तो खिळ्याने सहज उघडतो. दुसऱ्या अर्ध्या भागाला ड्रिल लागतं, त्याच्या नादी लागू नका. कडा पॉलिश पेपरने घासा. दीड मीटर सुंभ आतून ओवून आतल्या टोकाला जाड गाठ मारा. करवंटी पालथी, सुंभ पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून वर, हातात ताणून धरायचा. ओल्या लादीवर पाय घसरतो, म्हणून कोरड्या पडवीतच चालू द्या. करवंटी पातळ असेल तर ९ वर्षांच्या मुलाच्या वजनाने तडकते, जाड बघून घ्या.

शिंपले-शंखांच्या चित्रांना गोंद लागतो, म्हणून ती दिवाळीनंतर करा. रिकामे शिंपलेच वेचा आणि दोन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवा. मीठ राहिलं तर ते ओल धरतं आणि गोंद सुटतो.