जंतू मारणारं फिलिंग घ्यावं का?

प्रश्न: दाढेत पांढरं सिमेंट भरलं होतं, आता त्याच्याच कडेला परत कीड लागलीय म्हणे. डॉक्टर म्हणतात यावेळी अँटीबॅक्टेरियल मटेरियल वापरू, पैसे जास्त पडतील. खरंच फरक पडतो की नुसतं मार्केटिंग?

उत्तर: दोन्ही थोडं थोडं. पांढरं सिमेंट म्हणजे कॉम्पोझिट, निळा लाईट मारला की ते कडक होतं आणि कडक होताना साधारण २-३ टक्के आकसतं, मग कडेला बारीक फट राहू शकते, त्यात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जंतू शिरतात, तुम्ही खाल्लेल्या साखरेचं ॲसिड करतात आणि दात आतून पोखरायला लागतो. फिलिंग बदलायची वेळ येते ती बऱ्याचदा यामुळेच.

म्हणून सिमेंटमध्येच औषध घालायचे प्रयोग झाले. क्लोरहेक्सिडीन (हो, माऊथवॉशमधलंच) मिसळलं तर ते सुरुवातीला भराभर बाहेर पडतं आणि संपतं, वर सिमेंट कमजोर होतं ते वेगळंच. चांदीचे नॅनो कण घातले तर जंतू मरतात पण रंग काळपट येतो, समोरच्या दाताला कोण लावून घेणार ते!

जपानमध्ये ओसाका युनिव्हर्सिटीत इमाझातो आणि त्यांच्या टीमने १९९०च्या दशकात एमडीपीबी नावाचं रसायन काढलं, ते मला जास्त पटतं. ते लाईट मारल्यावर रेझिनच्या (सिमेंटमधल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) साखळीतच अडकून बसतं, झिरपत नाही, येऊन चिकटणाऱ्या जंतूला त्रास देतं. पण त्याचा खरा जोर लाईट मारायच्या आधी असतो, तेव्हा ते मोकळं असतं आणि खड्ड्यात उरलेले जंतू मारतं, म्हणून ते सिमेंट दाताला चिकटावं म्हणून खाली लावतात त्या बाँडिंगमध्ये बाजारात आलं. सिमेंटच्या वरच्या बाजूला मात्र लाळेतल्या प्रोटीनचा थर लगेच चढतो आणि असर कमी होतो, लॅबमधले आकडे तोंडात तसेच्या तसे येत नाहीत ते यामुळे.

तेव्हा औषध नेमकं कशात आहे, बाँडिंगमध्ये की सिमेंटमध्ये, हे विचारा. खड्डा खोल असेल आणि औषध बाँडिंगमध्ये असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. पण भरताना लाळ लागली तर महागातलं मटेरियलही नीट चिकटत नाही, त्यामुळे रबर डॅम (लाळ लागू नये म्हणून दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) लावणार का तेही विचारा. आणि कडेची काळी रेघ म्हणजे दरवेळी कीड नसते, नुसता चहाचा डागही असू शकतो, तर उकरायच्या आधी नीट तपासून एक्स-रे काढायला सांगा.