मे महिन्यात पुण्याहून स्वतःच्या गाडीने ताडोबा: राहायचं कुठे, गाडी कशी चालवायची?

प्रश्न असा आहे: मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून स्वतःच्या गाडीने ताडोब्याला जायचंय. नवरा-बायको, दोन मुलं आणि सत्तरीच्या आजी. पाच दिवस हातात आहेत. एका दिवसात पोहोचता येईल का, हॉटेल चंद्रपूरला घ्यावं की जंगलाजवळ, आणि गाडीची काय तयारी करावी?

आधी क्रम नीट लावू. बहुतेक जण हॉटेल ठरवतात, मग रजा टाकतात आणि शेवटी सफारी शोधायला बसतात. तिथेच सहल फसते. ताडोब्यात सगळं गेटवर ठरतं. कोअरला, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य राखीव भागाला, मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारं आहेत. तिकीट ज्या गेटचं, त्याच गेटने आत जायचं. मोहर्ली दक्षिणेला चंद्रपूरच्या अंगाला, कोलारा उत्तरेला चिमूरच्या अंगाला. नकाशावर दोन्ही जवळ दिसतात, पण मधलं जंगल ओलांडून आपली गाडी नेता येत नाही. वरोरा-चिमूरकडून बाहेरून वळसा घालावा लागतो आणि त्यात दोन तास सहज जातात. कोलाऱ्याला खोली आणि मोहर्लीची पहाटेची सफारी असं झालं तर रात्री दोनला उठावं लागेल. म्हणून आधी वन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर सफारी मिळवा, मग त्या गेटजवळची खोली घ्या, आणि निघायचा दिवस सगळ्यात शेवटी ठरवा.

वारही बघायला हवा. ताडोब्याचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो. शनिवारी पुण्याहून निघालात आणि वाटेत एक मुक्काम केलात, तर सहलीचा चौथा दिवस मंगळवार येतो आणि हाताशी असलेली एक पहाट वाया जाते. बुधवारी निघा. गुरुवारी दुपारी जंगलाजवळ पोहोचाल, शुक्रवार पूर्ण मिळेल, शनिवारी सकाळची सफारी करून परत फिराल आणि रविवारी घरी. शनिवार-रविवारी तिकिटांवर उड्या पडतात, गुरुवार-शुक्रवार त्या मानाने सोपे जातात.

एका दिवसात पोहोचता येईल, पण पोहोचू नका. पुणे ते मोहर्ली अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर आहे. चौदा तास गाडीत बसून रात्री अनोळखी जंगलरस्त्यावर शिरायचं आणि पहाटे चारला सफारीसाठी उठायचं, हे आजींना आणि चालवणाऱ्यालाही झेपणारं नाही. वर्ध्याला एक रात्र थांबा. साधी, स्वच्छ हॉटेलं मिळतात आणि सेवाग्राम आश्रम आठ-दहा किलोमीटरवर आहे. उन्हं कलल्यावर मुलांना तिथे घेऊन जाता येईल.

पहिल्या दिवशीचा हिशोब सांगतो. पहाटे साडेचारला घर सोडा, पाचला नको. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव हा पट्टा कंपन्यांच्या बस आणि कंटेनर रस्त्यावर यायच्या आत पार झाला पाहिजे. तिथे सात वाजले की पुढच्या सगळ्या वेळा दीड तासाने घसरतात आणि तो दीड तास दुपारच्या उन्हात भरून द्यावा लागतो. अहिल्यानगर १२० किलोमीटर, सातच्या सुमारास याल. नाश्ता आणि पेट्रोल तिथेच उरका. पुढे नेवासा फाटा, प्रवरासंगम, वाळूज. छत्रपती संभाजीनगर शहरात शिरू नका, वाळूजच्या पुढून माळीवाडा इंटरचेंजला समृद्धी महामार्ग धरा. सव्वानऊ-साडेनऊ होतील. तिथून वर्ध्यापर्यंत साधारण ३७० किलोमीटर समृद्धीच आहे.

समृद्धीवर मोटारींसाठी वेगमर्यादा १२० आहे. माझा सल्ला १०० धरा. १२० ने हे अंतर तीन तास पाच मिनिटांत होतं, १०० ने तीन तास बेचाळीस मिनिटांत. वाचतात जेमतेम ३७ मिनिटं. त्यासाठी तापलेल्या काँक्रीटवर, भरलेल्या गाडीत, टायरवर तेवढा ताण देण्यात अर्थ नाही. इंधनही बरंच जास्त जळतं. या रस्त्याचा दुसरा धोका कंटाळा. वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही. डोळे उघडे असतात पण लक्ष निसटतं. दर दोन तासांनी चालक बदला. एकच चालवणारा असेल तर दर दीड तासाने पंधरा मिनिटं खाली उतरा. थांबायचं ते पेट्रोलपंपाशी किंवा सुविधाकेंद्रावरच. कडेच्या पट्ट्यावर डबे उघडून बसलेली कुटुंबं दिसतील, तसं करू नका, मागून येणाऱ्या ट्रकचालकालाही हीच गुंगी आलेली असते. खाण्याची ठिकाणं विरळ आहेत म्हणून धपाटे, दशम्या, दही, काकडी असं बरोबर घ्या. टोल अंतराप्रमाणे कापला जातो, तेव्हा फास्टॅगमध्ये जाण्यायेण्याचा विचार करून पैसे भरून ठेवा.

दोनच्या सुमारास वर्धा येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालात तरी पुरेसं आहे. मोहर्लीसाठी जाम, नंदोरी, वरोरा, भद्रावती असा रस्ता. भद्रावतीहून आत वळता येतं, किंवा थेट चंद्रपूरला जाऊन पद्मापूरमार्गे मोहर्ली. या पट्ट्यात कोळशाचे ट्रक फार. त्यांच्या मागे धुळीत चिकटून राहू नका आणि समोरचं स्वच्छ दिसल्याशिवाय ओव्हरटेक करू नका. कोलाऱ्यासाठी जामहून समुद्रपूर, गिरड, चिमूर. पेट्रोल, एटीएम, औषधं ही सगळी कामं भद्रावती, चंद्रपूर किंवा चिमूरला उरका, गेटच्या गावात त्यांचा भरवसा नाही. गाडी सीएनजीवर असेल तर पेट्रोलची टाकी पूर्ण भरून ठेवा.

जंगलाच्या हद्दीत ताशी तीस-चाळीसच्या वर जाऊ नका. मे हा तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेपासून गावची माणसं पानं तोडायला बफरच्या, म्हणजे कोअरभोवतालच्या, जंगलात असतात, रस्त्याच्या कडेने पुडके घेऊन चालत असतात. जनावरंही पाण्यासाठी रस्ता ओलांडतात. एक चितळ गेलं की पाठोपाठ दुसरं येतंच, म्हणून पहिलं गेल्यावर लगेच वेग वाढवू नका. अंधार पडायच्या आत खोलीवर असा. आणि तिथे अंधार लवकर पडतो: चंद्रपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य साधारण वीस मिनिटं आधी मावळतो आणि तितकाच आधी उगवतो. पुण्याच्या सवयीने ‘सात वाजेपर्यंत उजेड असतो’ असं धरून चालू नका.

आता राहण्याबद्दल. चंद्रपूर शहरात खोली स्वस्त आणि चांगली मिळते. पण मोहर्ली तिथून तीसेक किलोमीटर. मे महिन्यात सकाळच्या सफारीला उजाडताना गेट उघडतं आणि त्याआधी अर्धा-पाऊण तास ओळखपत्रं तपासून घ्यायला हजर राहावं लागतं. म्हणजे मिट्ट काळोखात जंगलातून गाडी चालवणं आलं. दोन रात्रींसाठी ही बचत करू नका. मोहर्लीला एमटीडीसीचं आणि वनविकास महामंडळाचं निवास आहे, शिवाय होमस्टे आणि खासगी रिसॉर्ट आहेत. कोलाऱ्याकडे खासगी रिसॉर्ट जास्त. तुमच्यासाठी मी मोहर्ली निवडेन: राहण्याचे पर्याय सगळ्या खिशांचे आहेत, जवळ अनेक बफर गेटं आहेत, आणि आजींना काही झालंच तर चंद्रपूरची मोठी रुग्णालयं तासाभरात गाठता येतात.

पैसे भरण्याआधी फोनवर खोलीबद्दल नेमकं विचारा. ‘एसी आहे का’ एवढंच पुरत नाही. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, हे विचारा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वीज नेमकी दुपारी जाते. कूलरला नाक मुरडू नका. विदर्भाची हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर खोली उत्तम गार करतो आणि कमी विजेवर चालतो. मात्र कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायला हवी. पुण्याची मंडळी गारवा टिकावा म्हणून सगळं घट्ट बंद करतात, मग दमट हवा आतच कोंडते आणि तासाभरात गुदमरायला होतं. खोली तळमजल्याची, झाडाच्या सावलीतली मागा. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणीही दुपारी हात भाजण्याइतकं तापतं, त्यामुळे दुपारच्या अंघोळीसाठी पहाटेच बादल्या भरून ठेवा. पहाटे चारला चहा मिळेल का आणि नाश्ता बांधून देतील का, हेही आधीच ठरवून टाका.

सफारीला तुमची गाडी गेटवरच राहते. आत जिप्सी, त्यात सहा पर्यटक, वाहनचालक आणि गाइड. तुम्ही पाच जण, म्हणजे पूर्ण जिप्सी घ्या. बुकिंगमध्ये ज्या ओळखपत्राचा क्रमांक टाकला, तेच मूळ ओळखपत्र लागतं. आधार टाकून वाहन परवाना दाखवला तर अडचण होते. मुलांचीही मूळ ओळखपत्रं विसरू नका. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, कॅमेरा चालतो. आजींना मागच्या उंच रांगेत बसवू नका, ती चाकाच्या बरोबर वर येते आणि प्रत्येक खड्डा कंबरेत बसतो. त्यांना पुढच्या रांगेत मध्ये बसवा, खाली उशी द्या.

सगळ्यांनी सगळ्या सफाऱ्या करायलाच हव्यात असंही नाही. उन्हाळ्यातली दुपारची सफारी तीनच्या आसपास सुरू होते आणि पहिला दीड तास उघड्या जिप्सीत अक्षरशः लूच अंगावर येते. वाघ मात्र याच वेळी पाणवठ्यावर दिसण्याची शक्यता जास्त, कारण तो पाण्यात बसून राहतो. मोहर्लीच्या अंगाला तेलिया तलाव त्यासाठीच ओळखला जातो. आजींसाठी शुक्रवार आणि शनिवारच्या दोन सकाळी पुरेत. गुरुवारी दुपारी बफरची सफारी तुम्ही आणि मुलांनी करा, एक जण आजींजवळ थांबा. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर ओआरएसचं, ओला सुती पंचा मानेवर आणि डोक्याला पांढरा दुपट्टा. कोणाला चक्कर आली, घाम येणं थांबलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर वाघ समोर असला तरी गाइडला लगेच सांगा आणि परत फिरा.

गाडीची तयारी निघायच्या आठ दिवस आधी करा, आदल्या रात्री नको. सगळ्यात महत्त्वाचे टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झालेले टायर नक्षी चांगली दिसली तरी बदला, रबर आतून कडक झालेलं असतं. हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तोच घ्या. पाच माणसं आणि सामान म्हणजे गाडी भरलेलीच. हवा थंड टायरला, गाडी किमान तीन तास उभी असताना तपासा. समृद्धीवर मध्येच तपासली तर चार-पाच पीएसआय वाढलेली दिसेल. ते साहजिक आहे, काढू नका. हवा जास्त झाल्याने टायर फुटेल या भीतीने लोक ती काढतात, आणि प्रत्यक्षात कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, त्यामुळेच तापून फुटतो. स्टेपनीत हवा आहे ना तेही बघा.

कूलंटमध्ये नुसतं पाणी घालून नेऊ नका, आणि गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. एसीचं फिल्टर बदला, रेडिएटरची जाळी पाण्याने धुऊन घ्या. बॅटरी चार वर्षांची असेल तर तपासा. बॅटरी थंडीत दगा देते असं आपण समजतो, पण तिचं आयुष्य उन्हाळाच खातो. उभ्या गाडीत परफ्यूमचे डबे, लायटर, पॉवरबँक ठेवू नका.

परतीला शनिवारी सफारी संपून दहा वाजतील. जेवून साडेअकराला निघा, म्हणजे साडेसहा-सातला छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला पोहोचाल. येताना गाडी पश्चिमेला जाते आणि साडेचारनंतर सूर्य थेट काचेत येतो. पुढची काच आतूनही पुसून ठेवा, आतल्या तेलकट थरामुळेच चकाकी वाढते. गॉगल हाताशी ठेवा. रविवारी सकाळी सातला निघालात की दुपारच्या जेवणाला पुण्यात असाल.